डावी बाजू बसते

रांझी, जबलपूर
७ जानेवारी

चि. वेदांगला बाबाचे आशीर्वाद, सूनबाई यशश्रीलाही.

पुण्यात तुम्ही दोघं बरे असाल असं समजून लिहायला घेतो. इथे थंडी जोरात आहे. माझा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतो, नळाला पाणी सकाळी एकदाच येते, अन् शेजारच्या विनताताईंच्या मांजरीने आपल्या कूलरमध्ये पिल्लं घातली. झाली खुशाली. आता तू म्हणशील, बाबा, पत्र काहून, फोन कर ना. फोनवर तू "हां बाबा, हां बाबा" करतो अन् मागे कीबोर्ड बडवत राहतो, मला टकटक ऐकू येते. पत्र वाचताना निदान तुझे हात तरी रिकामे राहत नाहीत.

तर तुझ्या गाडीचं. तू पाठवलेला खोका आला. चार कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग अन् शॉक अॅब्सॉर्बर एकातच, निळे, इतके चमचम की चाकामागे चिखलात लावायचे की शोकेसमध्ये ठेवायचे तेच समजेना. मी उभा जन्म फॅक्टरीत फौजेच्या ट्रकांना कमान्या बसवल्या. आमच्या कमानीचं काम काय, तर आत बसलेल्याला धक्का लागू नये. तुझ्या ह्या वस्तूचं काम उलटं दिसते. सोनू म्हणाला, रस्त्यातला बारीक खडीचा दाणा पण ड्रायव्हरला कळला पाहिजे. मी म्हटलं, भाऊ, आमच्या रांझीच्या रस्त्यावर ते तसंही कळते. पण तुला ट्रॅकवर पळवायची आहे ना, मग मी कोण बोलणारा.

सोनू म्हणजे तूच सांगितलेला, रिछाईतला गॅरेजवाला सोनू बर्मन. तिशीतला माणूस, कानात बाळी, काम करताना मोबाइल स्टँडवर लावून स्वतःचाच व्हिडिओ काढतो. काम मात्र चांगलं करतो. जुने स्प्रिंग काढायच्या आधी तो गाडीपुढे उकिडवा बसला, एक डोळा मिटून पाहिलं अन् म्हणाला, "बाबूजी, गाड़ी लेफ्ट में बैठी हुई है।" स्प्रिंग दबून एक बाजू खाली आली की हे लोक गाडी बसली म्हणतात, तुला माहीतच आहे. मग विचारतो, "इस साइड कौन बैठता था? रोज़ का कोई था।" मी म्हटलं, बसत असेल कोणी. अन् चहा सांगितला.

नवीन सामान लागलं. आता त्याची ती वजनाची भानगड. चारही चाकांखाली एकेक इलेक्ट्रॉनिक काटा ठेवतात, कोणत्या चाकावर किती भार आहे ते पाहतात, अन् कॉइलओव्हरची रिंग फिरवून ते चाक उचलतात नाहीतर दाबतात. हे सगळं करताना चालवणाऱ्याचं वजन त्याच्या सीटवर पाहिजे. तू सत्तर किलो लिहून पाठवलं होतं. सोनूकडे वाळूच्या गोण्या होत्या, पण ओल्या. तुझ्या त्या कापडी सीटवर ओली वाळू ठेवू दिली असती, तर तू मला जन्मभर सोडलं नसतं.

योग असा की मंडळाचा गूळ माझ्याजवळ होता. संक्रांतीच्या तिळगुळासाठी आपलं मराठी मंडळ करेलीहून गूळ मागवते, अन् तो आणायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात, कारण बाकीचे सगळे कंबरेचे रोगी. दहा-दहा किलोच्या सात ढेपा ऑटोत टाकून मी तसाच रिछाईला गेलो होतो. मीच म्हटलं, सात ढेपा म्हणजे बरोबर सत्तर, ह्याच ठेव. खाली जुनी चादर अंथरली अन् तुझ्या सीटवर ढेपा रचल्या. लांबून पाहिलं तर कोणी पोक काढून बसल्यासारखं दिसत होतं. सोनू हसून म्हणाला, "लो, ये तो भैया का तुलादान हो गया।" हे बर्मन लोक ग्वारीघाटचे, पिढ्यान् पिढ्या नर्मदेत नाव चालवणारे, त्यांना सगळीकडे घाटच दिसतो. मी म्हटलं, तू काटा बघ.

काटा बंद करून त्याने पुन्हा सुरू केला. डावीकडे, जिथे कोणी नाही अन् काही नाही, तिथे पन्नासेक किलो जास्त दाखवून राहिलं होतं. डाव्या सीटवर काय पडलंय ते पाहिलं. सीटखाली पाहिलं. डिक्की पाहिली, स्टेपनी पण उतरवली. काही नाही. शेवटी फरशीच वाकडी असेल म्हणून काम दुसऱ्या दिवसावर टाकलं. निघताना म्हणाला, "नई स्प्रिंग है बाबूजी, बैठ जाएगी।" मी म्हटलं, बसू दे.

ट्रेलरवाला पंचवीस तारखेला गाडी न्यायला येणार आहे ना, तोवर होऊन जाईल. तू काळजी करू नको. डुमना रोडवर अजून संध्याकाळी हरणं दिसतात म्हणे. असंच सांगितलं.

डबा वेळेवर खात जा.

तुझा बाबा


रांझी
१६ जानेवारी

चि. वेदांग, यशश्री, दोघांना आशीर्वाद.

संक्रांत झाली. तिळगूळ ह्या वर्षी पाठवला नाही, राग मानू नका, कारण पुढे येईलच. मांजरीची पिल्लं डोळे उघडून राहिली. थंडी तशीच.

तू फोनवर विचारलं, गाडीचं झालं का, अन् मी "होऊन राहिलं" म्हणून विषय बदलला. विषय बदलायचा नव्हता, सांगायचं कसं ते समजत नव्हतं. आता सरळ लिहितो. तू हसशील तर हस, पण पूर्ण वाचून हस.

दुसऱ्या दिवशी सोनूने पाणसळ लावून फरशी तपासली. सरळ होती. काटे उजवीकडचे डावीकडे, डावीकडचे उजवीकडे केले. फरक तसाच, डाव्या बाजूलाच. मग त्याने वैतागून तुझ्या सीटवरचा गूळ उतरवला, अन् गाडी एकदम बरोबर. डावीकडचा जास्तीचा भार गेला. गूळ ठेवला, पुन्हा डावी बाजू बसली. बसली म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत बसली, रे. टायर अन् मडगार्डच्या मधे तीन बोटं जागा होती, तिथे दोनच राहिली. हळू बसली, गुडघे दुखणारं माणूस बसते तशी.

सोनू हुशारी करायला गेला. ओल्या गोण्या प्लास्टिकमध्ये बांधून तेवढंच वजन तुझ्या सीटवर ठेवलं. डावीकडे काही नाही. तो स्वतः बसला. काही नाही. मग मला म्हणाला, "आप बैठो।" मी बसलो. ते सुकाणू हातात घेऊन, मूर्खासारखा, बराच वेळ बसलो. डावी बाजू तसूभर हलली नाही. खरं सांगतो, वेदांग, मला वाईट वाटलं. चौतीस वर्षांचा संसार केला माणसाने.

आता नाव घेतो. तुझ्या आईचं. ती गेल्यापासून आपण दोघांनी फोनवर तिचं नाव घेतलं नाही, तू घेतलं नाही म्हणून मी घेतलं नाही, अन् तुझंही कदाचित तेच असेल. डाव्या सीटवर रोज कोण बसत होतं हे सोनूने विचारलं तेव्हा मला काय माहीत नव्हतं? तू ऑफिसचं काम आटोपलं की ती चप्पल घालून दारात तयार. डुमना रोडवर तू गाडी सोडायचा, अन् जी बाई माझ्या स्कूटरवर ओरडून ओरडून वीस किलोमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, ती तुझ्या शेजारी बसून हसत यायची. मला कधी चल म्हटलं तर माझी जागा मागे, पाय पोटाशी घेऊन. म्हणून मी येत नव्हतो. वजन तिचं शेवटी पन्नासच होतं.

सोनूने त्या दिवशी पहिल्यांदा मोबाइल बंद करून खिशात ठेवला. म्हणाला, बाबूजी, गाडी घेऊन जा, काम पूर्ण आहे. चेहरा उतरला होता बिचाऱ्याचा. गूळ मागच्या सीटवर टाकून त्यानेच गाडी रांझीला आणून दिली अन् चहा न घेता परत गेला. जाताना दारात एवढंच म्हणाला, "तौला हुआ माल घर में रखते नहीं, बाबूजी। मैया को दे दो।" मी म्हटलं, हा मंडळाचा गूळ आहे, नर्मदामैयाचा नाही.

घरी आल्यावर शहाण्या माणसाने गूळ उतरवून मंडळात पोचवला असता. मी तो परत तुझ्या सीटवर रचला. दार लावलं, चावी अर्धी फिरवली, अन् डाव्या सीटवर कोणी बसलं की वाजते ती बेल्टची टिकटिक सुरू झाली. तो लाल दिवा, टिक टिक टिक. आठवते? तू म्हणायचा, आई बेल्ट लाव, अन् ती म्हणायची, साडी चुरगळते रे. तू दर वेळी ओरडायचा. मी पलीकडून गेलो, बेल्ट ओढला अन् रिकाम्या सीटवरून लावला. टिकटिक बंद झाली. बेल्ट सीटला चिकटला नाही. मधे जागा ठेवून होता.

तुला नवस आठवतो का? तू डेंग्यूने आयसीयूत होता, प्लेटलेट्स खाली गेल्या होत्या, अन् ती ग्वारीघाटावर जाऊन बोलून आली होती की पोरगा उठला तर गुळाची तुला करीन. तू उठला. अन् मग म्हणाला, मी काय भोपळा आहे का तराजूत बसायला. ती म्हणाली, बरं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी तू पुण्याला गेला होता. नंतर तीच राहिली नाही. मी फक्त आठवण दिली, दोष कोणाला देत नाही.

तिळगुळाचं असं झालं की संक्रांतीच्या आदल्या दिवशी मंडळाच्या क्षमाताई आल्या. गूळ गाडीत पाहून म्हणतात, "पाचखेडे भाऊ, गुळाला फिरायला नेता का?" मी काही बोलायच्या आत वरची एक ढेप उचलून पिशवीत टाकली, बायका खोळंबल्या आहेत म्हणाल्या. बाकीचा गूळ मी बाजारातून दुसरा घेऊन दिला. म्हणजे आता तुझ्या सीटवर सहा ढेपा आहेत. तरी ती बसते. थोडी कमी बसते, असं मला वाटते.

ट्रेलरवाल्याला पंचवीस नको, पुढची तारीख दे. गाडीचं थोडं काम राहिलं आहे.

तुझा बाबा


रांझी
२७ जानेवारी

वेदांग,

आज खुशाली विचारत नाही. मला माहीत आहे.

यशश्रीचा फोन आला होता. तू तिला सांगू नको म्हटलं होतं, तरी तिने सांगितलं, तिच्यावर चिडू नको. संक्रांतीच्या दिवशी तू ऑफिसात चक्कर येऊन पडला. घरी वजन केलं तर साठ. त्याच्या आधीच्या रविवारी सत्तर होतं. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, पोट पाहिलं, सगळं चांगलं निघालं अन् टॉनिक लिहून दिलं. "बाबा, त्यांची पँट कमरेवर राहत नाही," म्हणून पोरगी रडायला लागली. मी मग तुला व्हिडिओवर बोलावलं, तर तू मफलर गुंडाळून बसला होता. पुण्यात कोणती एवढी थंडी पडली? गाल लपवत होता तू.

फोन ठेवला अन् मी अंगणात जाऊन गाडीचं दार उघडलं. सहा ढेपा. साठ किलो.

त्या सातव्या ढेपेचे क्षमाताईंनी लाडू केले. सगळ्या मंडळाने खाल्ले, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी नेले, पोरांनी खिशात भरले. गोड बोला, गोड बोला करत सगळ्यांनी खाल्ले. मी पण दोन खाल्ले, वेदांग. चांगले झाले होते.

मी रांझीच्या दुकानातून तेवढीच एक ढेप आणली अन् सहाच्या वर ठेवली. बेल्ट काढून पाहिला, चावी फिरवली. टिकटिक नाही. नवीन ढेप उतरवली, टिकटिक सुरू. परका गूळ ठेवला की ती बसत नाही. म्हणजे जे गेलं ते भरून निघत नाही, एवढं मला तेव्हाच कळलं. अन् मग त्या सहा ढेपांच्या पायथ्याशी मुंग्यांची रांग दिसली. बारीक, लाल. दारातून आत, तुझ्या सीटवर, अन् तिथून एकेक कण घेऊन परत. तिच्या सीटवर एक मुंगी नाही. मी रांग पुसली. परातीत पाणी घालून ढेपा त्यात पाटावर ठेवल्या, आपल्या घरी लोण्याचं भांडं ठेवायचे तसं. तरी त्या कुठून तरी येतात. रोज सकाळी पाहतो, कोपरे झिजलेले असतात. परवा यशश्रीला विचारलं, आज वजन किती? म्हणाली, एकोणसाठच्या खाली.

तू म्हणशील, बाबा, मग गूळ उतरवून डब्यात बंद काहून नाही केला. मी सोनूला फोन करून तेच विचारलं होतं. तो म्हणाला, डब्यात ठेवा, कोठीत ठेवा, उपयोग नाही, एक पारडं भरून ठेवलं अन् दुसरं रिकामं सोडलं तर ते ओढतच राहणार. ज्याच्या नावाने तोललं त्याला दुसऱ्या पारड्यात बसवा अन् मैयाला देऊन टाका, तेव्हा सुटते. हे त्याने मला आठ दिवसांपूर्वी सांगितलं. तुला "ये" म्हणून एक फोन करायला मला आठ दिवस पुरले नाहीत, तो फोन मी अजून केला नाही. आता लिहितो काहून ते.

संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी गाडीत जाऊन बसतो. मागच्या सीटवर. पुढच्या दोन्ही जागा भरलेल्या असतात ना. पाय पोटाशी घेऊन बसतो, गुडघा बोंबलतो, पण बसतो. चावी अर्धी फिरवतो, तो लाल दिवा लागतो, मी हात लांब करून तिचा बेल्ट लावून देतो. मग मी बोलतो. विनताताईंची मांजर, नळाचं पाणी, पेन्शनच्या ऑफिसातला तो उद्धट बाबू, जे काय दिवसभराचं असेल ते. ती उत्तर देत नाही. पण मी जास्त रडगाणं लावलं की डावी बाजू जराशी वर येते, उठायला निघाल्यासारखी, अन् मी विषय बदलतो. मग परत खाली. तुझ्या आईने मला तसंच सरळ ठेवलं होतं.

वर्षभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं. तिथे तू वाळत होता, अन् इथे मला बरं वाटत होतं, अन् दोन्ही गोष्टी एकाच गुळाच्या आहेत हे माहीत असून मी आठ संध्याकाळी जाऊन बसलो. हे लिहायला मला लाज वाटते. तुला उशिरा बोलवावं असं नव्हतं माझ्या मनात. आज एक दिवस बसतो अन् उद्या सांगतो, एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणखी एक तुला कधी सांगितलं नाही. ती गेली त्या दुपारी मी एकटा जवळ होतो, तू विमानात होता. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाली, "तुला". अन् थांबली. मी कान तोंडाजवळ नेला. म्हटलं, बोल अंजनी, मला काय? तिने पुन्हा तेवढंच म्हटलं, तुला. मग संपलं.

ते वाक्य मी वर्षभर पुरं करून राहिलो. तुला जेवायला कोण देईल. तुला सोडून जाते. तुला मी कधी चांगलं म्हटलं नाही, पण तू चांगला होता. मला काय पाहिजे तसं मी रोज जोडत होतो. कोणाला सांगितलं नाही, कारण माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेलं तेवढंच होतं. अन् काल मागच्या सीटवर बसून त्या ढेपांकडे पाहता पाहता माझ्या डोक्यात उजेड पडला. ती मला काही म्हणतच नव्हती. ती तुला म्हणत होती, तराजूतली. तिचं वाक्य अर्धं राहिलं नव्हतं, पूर्ण होतं. माझ्याबद्दल नव्हतं, एवढंच.

मी थोडा वेळ रुसलो. खरंच रुसलो, घरात येऊन न जेवता झोपलो. सकाळी उठून मुंग्या पुसल्या अन् हे लिहायला बसलो.

तर ये. रजा नसेल तर मागून घे. गाडीने नको, विमानाने नको, रेल्वेने ये, यशश्रीला बरोबर घेऊन ये म्हणजे तुझी सामानाची ओझी तू उचलणार नाही. कोणत्या गाडीने निघणार ते कळव. घाटावर मी बोलून ठेवलं आहे, सोनूच्या काकांचा मोठा तराजू आहे, लाकडी पारड्यांचा. भोपळा म्हण, काही म्हण, पण एकदा बस. काटा सरळ राहील, मला शंका नाही. त्या सहा ढेपांत जेवढं उरलं आहे तेवढाच तू उरला आहेस. मग गूळ मैयाला दाखवून घाटावर बसलेल्या लोकांना वाटून टाकू, कणही घरी आणायचा नाही. त्यानंतर तुझं वाळणं थांबेल, असं सोनूचे काका म्हणतात, अन् मी ह्या वयात त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

स्टेशनवर मी गाडी घेऊन येतो. सोनू चालवून आणेल, तयार झाला आहे, घाबरत घाबरत. गूळ डिक्कीत राहील, तिथे सोनू उतरेल अन् तुझ्या सीटवर तू बसशील. यशश्री सोनूबरोबर ऑटोने घाटावर पुढे जाईल, मी तिला समजावून सांगीन, ती समजेल. गाडीत आपण तिघंच.

तू बसल्यावर ती बसेल का, हे मला माहीत नाही. गुळाला तुला समजून बसली, तर तू खराखुरा बसल्यावर बसणार नाही असं कसं होईल. स्टेशनपासून ग्वारीघाट फार लांब नाही. सरळ रस्त्याने जायचं असेल तर जा. पण अंगात ताकद असेल तर आधी डुमना रोडला एक चक्कर मार अन् मग घाटाकडे वळ. हळू नको चालवू. तिला तसं आवडत नव्हतं.

घाटावर ती उतरेल, म्हणून परत येताना डावी बाजू वर उचललेली राहील. सोनूकडून मी गाडी दोन माणसांच्या हिशेबाने लावून घेतली होती, तुला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रिछाईला जाऊन रिंग फिरवून घेऊ. मग गाडी एकट्याची होईल अन् ट्रेलरवाल्याला बोलावता येईल. तेव्हा मी गॅरेजच्या बाहेर थांबेन, आत येणार नाही, आग्रह करू नको.

उद्या सकाळी स्पीडपोस्टने हे टाकतो. फोन करीन तेव्हा एवढंच म्हणेन, पत्र आलं की वाच. तोवर मी संध्याकाळी गाडीत जात नाही, चावी विनताताईंकडे देऊन ठेवली आहे. फक्त सकाळी मुंग्या पुसायला दार उघडतो, अन् तेव्हा तिला सांगून ठेवलं आहे की पोरगा येऊन राहिला.

एकच मागतो. स्टेशनवर गाडी सुरू केली अन् बेल्टची टिकटिक झाली, तर ओरडू नको तिच्यावर. हात लांब कर अन् लावून दे.

मागच्या सीटवरून,
तुझा बाबा